हातावर पोट असलेलं बंदर

ही किल्ली मागच्या रांगांपर्यंत दिसायची नाही, म्हणून सांगतो. बोटाएवढी आहे, प्लास्टिकची. हिने कुठलंही दार उघडत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, दुकानदाराच्या हातात ही किल्ली आणि पाच पौंड ठेवायचे, तो ती एका छोट्या यंत्रात घालून पैसे भरून देतो. घरी येऊन ती विजेच्या मीटरमध्ये खोचायची. पाच पौंडांची वीज आली. ती संपली की घरात अंधार. १९९८ साली मी उत्तर लिव्हरपूलमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून गेलो, तेव्हा भाड्याने घेतलेल्या माझ्या पहिल्या घरात असलं मीटर होतं. दोन महिन्यांत मी घर बदललं. माझ्या बहुतेक पेशंटांना ते बदलता येत नव्हतं.

त्यांतले एक म्हातारे गृहस्थ मला अजून आठवतात. सगळी हयात गोदीत गेलेली. फुप्फुसं पार निकामी होत आली होती, घरी नेब्युलायझर दिलेलं होतं. म्हणजे औषधाची वाफ देणारं विजेवरचं मशीन, दिवसातून चार वेळा घ्यायचं. तरी दर पंधरा दिवसांनी दम वाढून ते हॉस्पिटलात. एका जानेवारीत मी त्यांना घरी बघायला गेलो. अंगावर कोट, डोक्याला लोकरीची टोपी, आणि मशीन टेबलावर टॉवेल घालून झाकलेलं. विचारलं तर म्हणाले, डॉक्टर, रात्री एकदाच घेतो, नाहीतर लेकी संपते. वीज म्हणजे तिकडच्या बोलीत ‘लेकी’. आपल्या मराठी कानाला हा शब्द ऐकून आत काहीतरी वेगळंच होतं. वर्षभर मी त्या माणसाचे औषधाचे डोस बदलत बसलो होतो, आणि मीटरमध्ये किती पैसे आहेत हे एकदाही विचारलं नव्हतं. ते मला आजही बोचतं.

आयोजकांनी मला ‘इंग्लंडमधली गरिबी’ असा विषय दिला आहे. मी तो एका शहरापुरताच घेणार आहे, कारण मी एकवीस वर्षं तेवढंच पाहिलं. आणि त्या शहराबद्दल माझं एकच म्हणणं आहे. आपण ज्याला ‘हातावर पोट’ म्हणतो, ती जगण्याची रीत तिथे बंदराने घडवली. पुढे बंदराला माणसांची गरज उरली नाही, तरी ती रीत गेली नाही. आज काम आहे का, उद्या वीज आहे का, पुढचे पैसे कधी, हे सगळं कायम दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं.

मर्सी नदीला भरती-ओहोटी फार मोठी, मोठ्या भरतीला पाणी तीस फुटांपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला जहाजं चिखलात बसायची. म्हणून १७१५ साली तिथे दरवाजे लावलेली बंद गोदी बांधली, भरतीचं पाणी आत कोंडून धरणारी. व्यापारी जहाजांसाठी जगात अशी पहिलीच म्हणतात. त्यानंतर तिथला व्यापार कुणाच्या जिवावर वाढला हे लपलेलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अमेरिकेत नेणारी ब्रिटनची बहुतांश जहाजं लिव्हरपूलची होती. १८०७ साली तो व्यापार कायद्याने बंद झाला, मग कापूस. इथे आपलाही धागा येतो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लिव्हरपूलच्या बाजाराने मुंबईकडे हात पसरले. १८६१ ते १८६५ मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपून लिव्हरपूलचा भाव कोसळला तशा मुंबईतल्या बँका आणि पेढ्या बुडाल्या. तिथल्या एका भावावर इथली घरं उभी राहत होती आणि बसत होती.

आता त्याच गावात गोदीकामगार कसा जगत होता? मजूरवस्त्यांच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या एडविन चॅडविक यांच्या १८४२च्या अहवालात एक तक्ता आहे. लिव्हरपूलमध्ये मृत्यूच्या वेळचं सरासरी वय: सधन कुटुंबांत ३५, व्यापारी-दुकानदारांत २२, मजुरांत १५. पंधरा! याचा अर्थ सगळे मजूर पंधराव्या वर्षी मरत होते असा नाही. पाळण्यातली मुलं इतकी जात होती की सरासरी तिथवर खाली येत होती. लोक तळघरांत राहत, नाहीतर ‘कोर्टां’त. कोर्ट म्हणजे बोळातून आत गेल्यावर एक चिंचोळं अंगण, दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावलेली घरं, सगळ्यांत मिळून एखादा नळ आणि टोकाला सामायिक संडास. १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली सुमारे तीन लाख माणसं त्या एका वर्षात या बंदरात उतरली. टायफसने, म्हणजे उवांमधून पसरणाऱ्या तापाने, कहर केला, रोग्यांच्या उशाशी गेलेले दहा कॅथलिक पाद्री त्यात गेले. त्याच वर्षी डॉ. विल्यम डंकन यांची शहराचे आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली. देशातली ती पहिलीच. माझ्या पेशातला हा माणूस वर्षानुवर्षं सांगत होता की रोगाचं मूळ घरात आहे.

पण डंकन यांच्याही आधी एका बाईला ते कळलं होतं, आणि तिच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. किटी विल्किन्सन. लहानपणी आयर्लंडहून आलेली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. १८३२ साली कॉलरा आला, तेव्हा तिच्या गल्लीत पाणी तापवायचा मोठा बंब एकटीच्या घरात होता. तिने तो सगळ्यांना खुला केला. रोग्यांच्या चादरी, कपडे घेऊन या, उकळत्या पाण्यात धुवा, क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घाला, वाळवून घेऊन जा. आठवड्याला घरटी एक पेनी. जंतूंची कल्पना डॉक्टरांनाही यायची होती, तेव्हा ही बाई स्वयंपाकघरात कपडे निर्जंतुक करत होती. त्यातूनच १८४२ साली फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धोबीघर उभं राहिलं आणि पुढे तिलाच तिथे देखरेखीला नेमलं. २०१२ साली सेंट जॉर्जेस हॉलमध्ये तिचा पुतळा बसला. त्या दालनात तोवर सगळे पुतळे पुरुषांचेच होते. मी तो पाहायला गेलो तेव्हा मनात आलं, एका बंबात पाणी तापवायला कोळसा होता म्हणून किती घरं वाचली.

आता कामाकडे येतो, कारण माझं मूळ म्हणणं तिथे आहे.

जहाज वाऱ्यावर आणि भरतीवर येणार. आज पाच, उद्या एकही नाही. मालकाला हवं असायचं की जहाज लागलं की माणसं तयार पाहिजेत आणि जहाज नसेल तर मजुरीचा छदामही जाता कामा नये. यावर काढलेला तोडगा म्हणजे दरवाजाशी कायम गर्दी उभी ठेवायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मजूर अर्ध्या दिवसाच्या बोलीवर घेतला जाई. मुकादम गर्दीतून फिरे आणि ज्याला घ्यायचं त्याच्या खांद्याला हात लावी. मघाच्या त्या माझ्या पेशंटने सोळाव्या वर्षी हे केलं होतं. त्या जागेला ते ‘पेन’ म्हणायचे, गुरं कोंडतात तो कोंडवाडा. सांगायचे, मुकादम जवळ आला की ऊर आपोआप पुढे यायचा, आणि तो पुढे निघून गेला की शेजारच्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभं राहिलेल्या किंवा गिरणीत बदली कामगार म्हणून काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लिव्हरपूलच्या समाजसुधारक एलिनॉर रॅथबोन हे नाव तुमच्यापैकी काहींनी बालविवाहाच्या वादात ऐकलं असेल. भारतीय स्त्रियांबद्दल त्या ज्या अधिकाराने बोलत, त्यावर आपल्याकडच्या स्त्री-चळवळीतल्या धन्वंती रामा राव यांनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं आणि ते योग्यच होतं. पण त्याच रॅथबोनबाईंनी लिव्हरपूलच्या गोदीमजुरीचा अभ्यास करून १९०४ साली अहवाल मांडला. नवऱ्याच्या कमाईचा भरवसा नसला की घर चालवणाऱ्या बाईचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. आठवड्याचा हिशेब ती करणार कशी? सणाचे कपडे सोमवारी गहाण टाकायचे आणि शनिवारी सोडवायचे. रस्स्यातलं मांस आधी कमी होणार, मग जाणार. खलाशांच्या ज्या रस्स्यावरून लिव्हरपूलकरांना ‘स्काउसर’ म्हणतात, तो मांसाशिवाय केला की ‘आंधळा स्काउस’. रॅथबोनबाई पुढे आयुष्यभर एका मागणीवर अडून राहिल्या की मुलांसाठीचा भत्ता थेट आईच्या हातात द्या. १९४५ साली तो कायदा झाला.

गोदीतली रोजंदारी मात्र १९६७ साली संपली. बावीस वर्षांनी, आणि तेही संप, चौकश्या आणि मजुरांची नोंद करून बिल्ले वाटायच्या योजना होऊन गेल्यावर. आपल्या मुंबईतही गोदीमजुरांची नोंदणी करून काम वाटणारं डॉक लेबर बोर्ड १९५१ साली आलं होतं. लिव्हरपूलच्या कामगाराला कायमची नोकरी मिळाली आणि पाठोपाठ कंटेनर आले. १९७२ साली शहराच्या दक्षिणेकडच्या जुन्या गोद्या बंद पडल्या, उत्तरेला सीफोर्थला कंटेनरचा नवा धक्का सुरू झाला. पूर्वी टोळीच्या टोळीने आठवडाभर उपसलेलं जहाज मूठभर माणसं एका-दोन दिवसांत मोकळं करू लागली. ब्रिटनचा व्यापारही अटलांटिकवरून युरोपकडे वळला आणि पूर्व-दक्षिण किनाऱ्यावरची बंदरं पुढे गेली. बंदर मेलं असं लोक म्हणतात, ते खरं नाही. ते आजही माल हलवतं, त्याला माणसं लागत नाहीत. १९३१ साली साडेआठ लाखांच्या वर गेलेली शहराची वस्ती २००१ पर्यंत साडेचार लाखांच्या आत आली.

१९८१ साली गोदीलगतचा टेट अँड लाइलचा साखर कारखाना बंद झाला. त्याच जुलैत शहरातली टॉक्स्टेथ ही वस्ती दंगलीने पेटली. पोलिसांचा जाच सोसलेली कृष्णवर्णीय मुलं आणि काम नसलेली गोरी मुलं, दोन्ही रस्त्यावर होती. त्यानंतर अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना पत्र लिहिलं. पाणी चढणीला चढवण्यात आपली तुटपुंजी साधनं खर्चू नयेत, ‘नियोजित ऱ्हास’, म्हणजे शहराला ठरवून ओसरू देणं, हा पर्याय पूर्ण विसरू नये, असा त्याचा आशय. हे पत्र तीस वर्षांनी, २०११ च्या अखेरीस खुलं झालं. मायकेल हेझेल्टाइन या त्यांच्याच मंत्र्याने तो पर्याय मानला नाही, शहरात येऊन काम केलं, ही नोंद घ्यायलाच हवी. पण ते पत्र उघड झालं त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात आलेल्या साठीच्या वरच्या प्रत्येक पेशंटने तो विषय काढला. कुणी आरडाओरडा केला नाही. आम्हाला ठाऊकच होतं, एवढंच म्हणत होते.

गरिबी मोजायची कशी हे ज्याने जगाला शिकवलं, तो चार्ल्स बूथही लिव्हरपूलचाच, १८४० साली तिथे जन्मलेला जहाजमालक. त्याने लंडनच्या रस्त्यारस्त्याला रंग दिले, श्रीमंतांना पिवळा, अगदी तळाच्यांना काळा. आता इंग्लंडमध्ये वंचिततेचा निर्देशांक काढतात. साधारण दीड हजार वस्तीचा एकेक तुकडा घ्यायचा आणि सात बाबी तपासायच्या: उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हे, घर मिळण्यातल्या अडचणी, परिसर. २००४, २००७ आणि २०१० या तिन्ही वेळा लिव्हरपूल देशात सर्वांत वंचित ठरलं. २०१९ साली तिसरं.

आता या आकड्यांखालचा माणूस बघा. तो गोदीत जात नाही, गोदामात जातो. हमी तासांची नोकरी नाही, फोनवर निरोप येतो, उद्या चार तास ये. पेन गेला आणि फोन आला. काम सुटलं तर युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमाई नसलेल्यांना किंवा कमी असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज, पहिला हप्ता यायला पाच आठवडे. मधल्या काळासाठी उचल मिळते, ती पुढच्या हप्त्यांतून कापतात. मीटरमध्ये रोजचा स्थिर आकार वीज वापरली नाही तरी चढत राहतो, म्हणून दहा पौंड भरले तर दहाची वीज मिळतेच असं नाही. आणि रॅथबोनबाईंच्या त्या भत्त्याच्या जोडीने गरीब घरांना मुलांमागे मिळणाऱ्या मदतीला २०१७ साली दोन मुलांची अट लागली, तिसऱ्या मुलाचे पैसे नाहीत. ती काढून टाकायची घोषणा व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. मधल्या वर्षांत तिसरी म्हणून जन्मलेली मुलं मी तपासली आहेत. त्यांचं वजन मी स्वतः लिहिलेलं आहे.

लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत, हेही पाहिलं. साखर कारखान्याशेजारच्या व्हॉक्सहॉलच्या रहिवाशांना पांगवायचं ठरलं होतं. ते हलले नाहीत. सहकारी संस्था काढून कारखान्याच्याच जागेवर त्यांनी स्वतःची वस्ती उभी केली, एल्डोनियन व्हिलेज. टॉक्स्टेथमधल्या ग्रॅनबीत पाडायला काढलेल्या रस्त्यांवर बायकांनी पडक्या घरांना रंग दिले, दारांत कुंड्या मांडल्या, बाजार भरवला, आणि शेवटी उरलेले चार रस्ते वाचवले.

आणि २०१५ पासून फुटबॉलच्या मैदानांबाहेर, लिव्हरपूल आणि एव्हर्टन या हाडवैरी संघांचे चाहते मिळून अन्न गोळा करतात. मी निवृत्त होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात काही शनिवार पिशव्या भरायला मदत केली. तांदूळ, पास्ता, डाळीचे डबे असं आम्ही भरत होतो. एक तरुण आई आली, कडेवर मूल. पिशवी उघडून तिने एकेक वस्तू पाहिली आणि तांदूळ, पास्ता बाजूला काढून परत टेबलावर ठेवला. माझ्या शेजारच्या स्वयंसेविकेने एक शब्दही न विचारता टेबलाखालून दुसरी पिशवी काढली. अशांसाठी ती वेगळी भरून ठेवलेली असते. बिस्किटं, खेचून उघडायच्या कडीचे मासळीचे डबे, पाव, लांब टिकणारं दूध. चूल पेटवावी लागणार नाही असंच सगळं.