मोडीचा पैसा

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी एक शब्द फार जपून वापरायची. अडीअडचणीला घरातला एखादा डाग, म्हणजे दागिना, सोनाराकडे गेला, तर तो 'विकला' असं ती कधी म्हणाली नाही. 'मोडला' म्हणायची. आणि मोडीतून आलेल्या पैशाचं काय झालं, ते तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. पाटल्या मोडल्या, त्यातून विहीर बांधली. गोठ मोडले, त्यातून काकांचं शिक्षण झालं. आजोबांच्या पगाराचा हिशेब तिनं कधी मागितला नाही, पण मोडीच्या पैशाचा पै-पैचा मागायची. पगार पुढच्या महिन्याला परत येतो, डाग परत येत नाही, एवढा साधा हिशेब होता तो.

खाणी आणि देशाची समृद्धी यावर बोला, असं मला आकाशवाणीवरून सांगण्यात आलं, तेव्हा पहिल्यांदा आजीच आठवली. जमिनीतलं खनिज म्हणजे देशाच्या अंगावरचा डाग. तो मोडू नये असं मी म्हणणार नाही. घरात तव्यापासून खिळ्यापर्यंत लोखंड वापरायचं आणि खाणीला नाक मुरडायचं, हा दुटप्पीपणा मला जमत नाही. पण आलेला पैसा आपण कमाई म्हणून वहीत लिहितो. मी त्याला मोड म्हणतो, आणि माझं सगळं भांडण तिथंच आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. आमच्याकडे लोहखनिजाचा धंदा पोर्तुगीज अमदानीतला. तेव्हा खाणी चालवायला दिलेल्या बेमुदत हक्कांचे रीतसर खाणपट्टे झाले ते १९८७ च्या कायद्यानं. खाणीवरून ट्रकनं नदीच्या धक्क्यावर, तिथून बार्जनं मांडवी-झुवारीतून मुरगावला आणि तिथून जहाजानं जपानला, ही मालाची वाट. पुढं चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि सगळं चित्र पालटलं. जो हलका माल आमच्याकडे टाकाऊ म्हणून डंपावर, म्हणजे खाणीच्या मातीच्या ढिगावर, फेकत, त्यालाही गिऱ्हाईक मिळालं. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. राज्य केवढं? अवघं ३७०२ चौरस किलोमीटरचं.

आणि सरकारच्या पदरात काय पडलं? २००९ पर्यंत लोहखनिजावरची रॉयल्टी, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायचा पैसा, टनामागे मोजक्या ठरावीक रुपयांत होती. बाजारात भाव चौपट होवो की पाचपट, रुपये तेवढेच. नंतर ती किमतीच्या १० टक्के झाली आणि २०१४ पासून १५ टक्के. पण भाव आभाळाला भिडले होते तेव्हाची बरीच वर्षं ठरावीक रुपयांतच गेली. डाग मोडायला नेला आणि सोनारानं वीस वर्षांपूर्वीच्या भावानं पैसे हातावर ठेवले, असं झालं.

आता जमिनीवर काय झालं ते सांगतो. आमच्या भागात एक टन खनिज काढायला दोन ते तीन टन माती उपसावी लागते. ही माती जाते कुठे? खाणीशेजारीच तिचा डोंगर उभा राहतो. आमचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये तो डोंगर ओघळायला लागतो आणि ओहोळातून थेट शेतात उतरतो. मी लहानपणी आमच्या वायंगणात, म्हणजे भाताच्या शेतात, अनवाणी चाललोय. चिखल मऊ, काळपट, पायाच्या बोटांतून वर येणारा. पुढं त्याच शेतात वितभर तांबडा गाळ साचला. ओला असला की साबणासारखा निसरडा, वाळला की कौलासारखा टणक. त्यात भाताची मुळं शिरत नाहीत.

पाण्याची गोष्ट याहून बेरकी आहे. भुकटीसारखं जे खनिज आम्ही उपसतो, त्याच थरात भूगर्भातलं पाणी साठतं. म्हणजे माल आणि पाण्याची टाकी एकाच जागी. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर फेकायचं. मग गावातल्या विहिरींचे दोर लांबतात. आधी एक वाव, मग दोन वाव, मग टँकर. कुळागरातल्या, म्हणजे बागेतल्या, पोफळी वरून पिवळ्या पडायला लागतात.

तरी गावानं बोंब का मारली नाही? माझ्या आतेभावानं कर्ज काढून ट्रक घेतला होता, हे उत्तर. एका घरात ट्रक, दुसऱ्या घरात टायरचं दुकान, तिसऱ्या घरातली बाई ड्रायव्हर लोकांना जेवण घालणारी. विहिरीत पाणी नव्हतं, पण हप्ता फिटत होता.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ मध्ये निकाल आला की गोव्यातल्या पट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपली होती. पुन्हा खाणी सुरू झाल्या त्या वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ पट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द केलं आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा ठप्प. आतेभावाचा ट्रक परसात उभा राहिला. एका पावसाळ्यात त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला. वहिनी त्या केबिनवरून दोडके काढायची.

२०१४ च्या त्या निकालात एक गोष्ट होती, तिची हवी तेवढी चर्चा झाली नाही. विकलेल्या खनिजाच्या किमतीतले १० टक्के एका कायमच्या निधीत टाकायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. आजीला हे लगेच कळलं असतं. मुद्दलाला हात नाही, खायचं ते व्याज. नॉर्वेनं तेलाच्या बाबतीत हेच केलं. १९९० साली कायदा, १९९६ साली पहिला भरणा, आणि सरकारनं वर्षाला खर्चायचं ते निधीच्या साधारण ३ टक्के. उलट प्रशांत महासागरातलं नाऊरू बघा. २१ चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेटच्या जोरावर एके काळी माणशी उत्पन्नात जगात वरच्या रांगेत. त्यांनीही निधी काढला होता बरं का! पण तो विमानं, हॉटेलं असा उडाला. लंडनच्या रंगभूमीवरच्या एका संगीत नाटकावरही पैसे लावले, तेही पडलं. बेटाचा मधला भाग आज चुनखडीच्या सुळक्यांचं रान आहे. तेव्हा नुसता निधी काढून भागत नाही, किल्ली कुणाकडे हे पाहावं लागतं.

आपल्या देशात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. रॉयल्टीवर जादा रक्कम घेऊन, नव्या लिलावाच्या पट्ट्यांवर १० टक्के आणि जुन्यांवर ३० टक्के, ती बाधित गावांवर खर्चायची. गोव्यात, गडचिरोलीत, चंद्रपुरात, सगळीकडे हाच कायदा. हा पैसा पाणी, दवाखाना, शाळा यांच्याऐवजी कमानी आणि पेव्हर ब्लॉकवर जाऊ नये म्हणून ग्रामसभेत वही उघडून बसणारी चार माणसं लागतात. डंपावर आकेशियाची झाडं लावून वनीकरण झालं म्हणणाऱ्यांनाही त्याच ग्रामसभेत बसवावं. उतारावर काथ्याची जाळी कधी घातली, गाळाची तळी जूनपूर्वी उपसली का, पंपानं किती पाणी फेकलं, हे पंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लागलं पाहिजे. मला जबाबदार खाणकाम कळतं ते एवढंच.

लिलाव होऊन २०२४ पासून डिचोलीत पुन्हा खाणकाम सुरू झालंय. मध्यंतरी आतेभावाकडे गेलो होतो. ट्रक केव्हाच भंगारात गेला, पण नंबर प्लेटच्या पिवळ्या रंगाचा डबा त्यानं ठेवलाय. खाणी बंद पडल्यापासून दर मे महिन्यात पाणी जिथं असेल तिथं तो विहिरीच्या आत उतरून त्या रंगाची रेघ मारतो, बाजूला साल लिहितो. वाकून पाहिलं तर रेघा वर्षागणिक वर वर येत गेलेल्या.

"आता पुन्हा खाणीवर जाणार काय रे?" मी विचारलं.

"जाणार तर. ड्रायव्हर म्हणून. ट्रक घ्यायचा नाही."

मग त्यानं डबा उघडला, आत काडी फिरवून बघितली. वर साय धरली होती, खाली रंग अजून ओला होता.