बाबांची झेन आणि कोऱ्या चहासारखं ब्रेक ऑइल

(गोव्यातलं साखळी गाव. पाऊस नुकताच ओसरलाय. चिऱ्यांचं कुंपण, अंगणात लाल झेन.)

ही आमची मारुती झेन, १९९९ची. रंग उडालाय, मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकते, पण अजून एका सेल्फला स्टार्ट घेते आणि म्हणून बाबा विकायचं नाव काढू देत नाहीत. माझंही तेच मत आहे, उगाच कशाला लपवा.

(बोनेट उघडतं.)

आता इथे बघा, ड्रायव्हरच्या बाजूला ही प्लास्टिकची डबी. आतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं झालंय. आणि हे नवीन, फिकट पिवळं, जवळजवळ पाणीच. दोन वाट्या शेजारी ठेवल्यात, कॅमेरा जरा थांबू दे त्यांच्यावर. अर्थात नुसत्या रंगावर जाऊ नका, स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलातही पाणी असू शकतं.

सगळे ऑइल म्हणतात, पण हे तेल नव्हेच. ग्लायकोल जातीचं द्रव आहे आणि हवेतली ओल ओढून घेणं हा त्याचा स्वभाव, रबरी होजमधून, झाकणातून ती हळूहळू आत जात राहते, गाडी चालली काय आणि दारात उभी राहिली काय. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी धरते, मग याचं काय सांगायचं! तरी लोक म्हणतात की गाडी फिरतच नाही, ऑइल कशाला बदलू. म्हणूनच बदला ना. दोन वर्षं झाली की बदलायचं, किलोमीटर कितीही होऊ देत.

झाकणावर लिहिलंय डॉट ३. हे ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १४० पर्यंत तरी टिकावं, असं ते मानक आहे. डॉट ४ला हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर ब्रेक दाबून दाबून तापले की ओलावलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही, म्हणून पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचतच नाही, पाय नुसता खाली जातो. गेल्या चवथीच्या आधी बेळगावहून बाजार करून येताना चोर्ला घाटात आमचं तेच झालं, हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला लावली, कुणाला लागलं नाही. पाऊस एवढा होता की कॅमेरा काढलाच नाही.

(मागचं डावं चाक काढलेलं. मामांचे हात.)

हे आमचे मामा, आयुष्य गॅरेजात गेलं. गाडी जॅकवर सोडायची नाही, खाली स्टँड हवेत, आणि चिरा ठेवून भागवू नका, तो कधी फुटेल सांगता येत नाही. डबीतलं जुनं ऑइल आधी सिरिंजनं ओढून घेतलं, नवीन भरलं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग, उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं, सुरुवात तिथून. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच धरा.

चाकाजवळचं हे निपल, ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी, गंजलेलं आहे, इकडची हवाच तशी. गंज सोडवायचा स्प्रे रात्रीच मारून ठेवलेला. रिंग पानाच वापरायचा, उघड्या पान्यानं कडा गोल होतात आणि मग मोडलं तर चाकाचा सिलिंडरच बदला. निपलला फिश टँकचा पारदर्शक पाइप, दुसरं टोक बाटलीत, ऑइलात बुडवलेलं.

इंजिन बंद. पेडलवर बाबा.

"दाबा भावोजी."
"दाबलं."
"धरून ठेवा... हां, आता सोडा."

धरलेलं असताना मामा निपल उघडतात, पाइपात काळं ऑइल येतं, निपल बंद करतात आणि मगच बाबांनी पाय उचलायचा. उलटं झालं तर हवा आत. पेडलखाली लाकडाचा तुकडा दिसतोय बघा, जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेलं तर मास्टर सिलिंडरमधलं रबर गंजलेल्या भागावर जाऊन फाटतं, हे मला मामांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

(पाइप जवळून. काळं, तपकिरी, एक बुडबुडा, मग फिकट.)

हा शॉट आम्ही कापला नाही. चारही चाकांना हेच, मधेमधे डबी भरत राहायची, ती रिकामी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बोनेटवर थेंब सांडला, लगेच पाण्यानं धुतला, नाहीतर रंग खातो. आमच्या गाडीला खायला रंग उरलाय कुठे म्हणा.

इंजिन ऑइल यात चुकूनही नको, रबरं फुगतात. सील फोडलेली बाटली पुढच्या खेपेला ठेवू नका. जुनं ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजात द्या.

(संध्याकाळ. बाबा स्टिअरिंगवर, आधी अंगणातच ब्रेक दाबून बघतात.)

आता पेडल वरच थांबतं, घट्ट. घाटाच्या पायथ्याशी केरीपर्यंत जाऊन आलो, घाट चढलो नाही. मामांनी डबीवर टेप लावून मार्करनं तारीख लिहिली. काच अजून अर्ध्यावरच आहे.