पोरगं जेवतच न्हाई

श्रोतेहो, नमस्कार.

विट्यात तीस वर्षं मी लहान मुलांचा दवाखाना चालवला. ताप, खोकला, जुलाब घेऊन मुलं यायचीच, पण या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा मी एकच वाक्य ऐकलं असेल: "डॉक्टर, आमचं पोरगं जेवतच नाही." तुमच्याही घरात हे वाक्य कधी ना कधी उमटलं असणार. आज मला त्याबद्दलच बोलायचंय. आणि बोलायचं म्हटलं की मला एक आजी आठवतात. आधी त्यांची गोष्ट सांगते.

साधारण दहा वर्षांपूर्वीची. विट्याजवळच्या एका गावातून आजी नातवाला घेऊन आल्या. मुलाचे आईवडील तमिळनाडूत, त्रिचीला. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, त्यातलंच हेही एक. नातू आजीजवळ ठेवलेला. वय पाच वर्षं.

दवाखान्यात गर्दी होती. माझ्या खोलीचं दार उघडंच असायचं, त्यामुळे बाकावरचं मला दिसायचं. आजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत दूध-चपातीचा काला, वर साखर. नातवाच्या मांडीवर मोबाइल लावून दिला, डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं भरवायला सुरुवात केली. त्याचा गाल बोकाण्यानं फुगलेला. पोरगं तोंड फिरवायचं, आजी हनुवटी परत वळवायच्या. मी पुढच्या बाळाला तपासता तपासता मोजत होते. अकरा वेळा त्यानं तोंड फिरवलं आणि अकरा वेळा घास आत गेला. काल्याचा एक कण बाकावर सांडला होता. आजींनी तो बोटाच्या टोकानं टिपला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

नंबर आला. बसायच्या आतच आजी म्हणाल्या, "आवं डाक्तर, प्वार जेवतच न्हाई वो. चिमणीएवढं खातंय."

मी त्याला काट्यावर उभं केलं. काटा 29 किलोवर थांबला. पाच वर्षांच्या मुलाचं वजन साधारण 18 किलोच्या आसपास असतं. थोडं कमीजास्त चालतं. पण 29?

एरवी मी लगेच समजावायला लागले असते. त्या दिवशी का कोण जाणे, तो बाकावरचा कण माझ्या डोक्यातून जाईना. मी विचारलं, "आजी, तुम्ही लहानपणी काय जेवत होता?"

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "भात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्साची. आईसंगं खडी फोडाया जायची. कामावर सुकडी मिळायची, ती मी ओच्यात बांधून घरी न्यायची, धाकट्या भावाला. भाकरी मिलोची. उलायची, घशात टोचायची. खाऊन झालं की आई ताटलीतला भुगा बोटानं टिपाया लावायची. म्हणायची, ह्यो पण घासच हाय."

ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिलाय, खडीच्या ढिगावर उन्हात बसून हात सोललेत, त्यांना मी अधिक काय सांगणार? ती अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी अजून ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांच्या समोर नातवानं अर्धी चपाती टाकली तर काळजात कालवणारच. आजींचं प्रेम खोटं नव्हतं आणि भीतीही खोटी नव्हती. फक्त ती भीती दुसऱ्याच पोराची होती, धाकट्या भावाची.

मी त्यांना म्हटलं, "आजी, मला पंधरा दिवस द्या. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते त्याला ठरवू दे. मोबाइल बंद. तुम्ही त्याच्याबरोबर जेवायला बसा. त्यानं हात धुतले की ताटली उचला. रागावू नका, गोंजारू नका. आणि पुढच्या जेवणापर्यंत पाण्याशिवाय मधे काही नाही."

"आन उपाशी ऱ्हायलं म्हंजी?"

"एखादं जेवण कमी जेवेल. त्यानं काही होत नाही."

त्यांना पटलं नव्हतं. पण शब्द दिला आणि पाळला. पुढं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. पहिल्या दिवशी त्यानं चतकोर भाकरी खाल्ली आणि खेळायला पळाला. रात्री आजींना झोप नाही. दोनदा उठून त्याच्या पोटावर हात ठेवून बघितला. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, डाक्टरणीचं काय ऐकतीस, प्वार वाळंल. तिसऱ्या दिवशी मोबाइलसाठी आकांडतांडव. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आजी अंगणात शेंगा फोडत होत्या. पोरगं आलं, पदर ओढला आणि म्हणालं, "आजी, भूक लागली."

हे सांगताना आजींचे डोळे भरून आले होते. "डाक्तर, पाच वर्सांत त्यो सबूद त्येच्या तोंडातनं पैल्यांदा आयकला."

श्रोतेहो, पाच वर्षं. भूक लागायला कुणी त्याला वेळच दिला नव्हता.

त्या दिवशी तो काय जेवला, माहितीये? शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. स्वतःच्या हातानं. आता विषय निघालाच आहे तर सांगते, आपल्या भागातल्या शाळूच्या भाकरीसारखं अन्न नाही. ताटातून ती मागं पडली आणि पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं पुढं आली, याचं मला फार वाईट वाटतं. हुरड्याच्या दिवसांत लेकरांना रानात न्या. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळून खाऊ द्या. ती चव एकदा जिभेला लागली की माणूस विसरत नाही.

असो. मूळ मुद्दा परत सांगते. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते लेकरानं ठरवायचं. ही वाटणी माझी नाही. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ती मांडली, आणि तिच्यामागं बरंच संशोधन आहे. लीअॅन बर्च या संशोधक बाईंनी 1991 साली दोन ते पाच वर्षांच्या 15 मुलांचं खाणं सहा दिवस, चोवीस तास मोजलं. मुलं एका जेवणाला भरपूर खायची, दुसऱ्याला अगदी थोडं. आपण जे बघून घाबरतो तेच. पण दिवसभराची बेरीज केली तर ती रोज जवळजवळ सारखीच भरायची. सकाळी कमी खाल्लेलं पोर दुपारी आपसूक भरून काढतं, फक्त मधे आपण घास कोंबायचा नाही.

मग बळजबरी केली तर काय होतं? 2006 सालचा एक प्रयोग आहे. बालवाडीतल्या मुलांना दोन प्रकारचं सूप द्यायचे. एका सुपाच्या वेळी सारखं "संपव, संपव" म्हणायचे, दुसऱ्याच्या वेळी काहीच नाही. ज्या सुपासाठी मागं लागले नाहीत, ते मुलांनी जास्त प्यायलं. आणि ज्यासाठी मागं लागले, त्याला नावं ठेवली. मेथीच्या भाजीचं आपल्या घरात काय होतं, आठवून बघा.

आणखी एक. तीन वर्षांच्या मुलापुढं जास्त वाढलं तरी ते आपल्या भुकेएवढंच खातं, पण पाच वर्षांच्या मुलापुढं जास्त वाढलं की ते जास्त खातं, असं 2000 सालच्या एका अभ्यासात दिसलं. मधल्या दोन वर्षांत मूल पोटाचं ऐकायचं सोडून ताटाकडं बघायला लागतं. म्हणून लेकराला मोठ्या माणसाचं ताट देऊ नका. लग्नात आहेर म्हणून मिळालेली ती परातीएवढी ताटं माळ्यावरच बरी.

काही मुलांची भूक जन्मतःच मोठी असते, हेही खरं. इंग्लंडमध्ये जेन वार्डल यांनी जुळ्या बाळांचा मोठा अभ्यास केला. त्यात एकाच घरातल्या जुळ्यांपैकी जास्त भुकेचं बाळ वजनात पुढं गेलेलं दिसलं. तेव्हा मूल जाड असलं की आईला बोल लावणं बंद करा. सासूबाईंनी तर आधी.

आपल्याकडं हा प्रश्न जास्त नाजूक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली बाळं जन्मताना वजनाला कमी, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, अशी असतात. अशा बाळाला गुटगुटीत करायच्या नादात साखर-तूप कोंबलं तर पुढं मधुमेहाचा धोका वाढतो. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आढळली आणि 3.4 टक्के जास्त वजनाची. आधीच्या पाहणीत जास्त वजनाची 2.1 टक्केच होती. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही पोरं आहेत. म्हणूनच त्या सुदृढ बालक स्पर्धा बंद व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. गालावरून नंबर काढायचे आणि वाढीचा तक्ता कुणी बघायचा नाही, ही काय रीत झाली?

एक सावधगिरी मात्र हवी. बाळ दर महिन्याला अंगणवाडीत तोलून घ्या. वजन वाढत नसेल, खाली येत असेल, मूल मलूल असेल, तर थांबू नका, डॉक्टरकडं न्या. तिथंही घास कोंबायचा नाही, पण कारण शोधायला हवं.

आता त्या नातवाचं सांगते. मी त्याचं वजन कमी करायला गेलेच नाही. वाढत्या अंगाला उपास नसतो. वर्षभरानं वजन 30 किलो, म्हणजे एकच किलो वाढलं. उंची मात्र 7 सेंटिमीटरनं वाढली होती. आजी खूश होत्या, पण एक गोष्ट त्यांच्या मनात अडकली होती.

"डाक्तर, ताटलीत उरलेलं मला टाकवत न्हाई वो."

मी म्हटलं, "टाकू नकाच. आधीच थोडं वाढा. लागलं तर तो मागेल."

पुढच्या वेळी आल्या तेव्हा हसतच आत आल्या. भातुकलीच्या बोळक्यांतली एक पितळी वाटी त्यांनी घासूनपुसून काढली होती. नातवाला आमटी आता त्याच वाटीतून. "चार येळा मागून घेतंय," म्हणाल्या, "आन वाटी चाटून फुसून देतंय."

नमस्कार.