कपातला फेस

(दृश्य: पहाटेचा हॉल. टँकचा निळा दिवा तेवढा चालू. खालच्या कॅबिनेटचं दार उघडतं. एक हात स्किमरचा कप हलकेच फिरवून वर उचलतो.)

हा कप काल सकाळी धुऊन, पुसून बसवला होता. आज त्यात बोटभर गडद तपकिरी पाणी आहे. कोरा चहा गॅसवर विसरला की जसा होतो, तसा रंग. वास मात्र ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा येतो तसा. कपाच्या मानेला आतून हिरवट-काळा बुळबुळीत थर बसलाय.

आता वर टँककडे बघा. पाणी इतकं नितळ आहे की मागच्या काचेवरून सरकणाऱ्या गोगलगायीचं तोंडसुद्धा दिसतंय. आणि कपातली ही सगळी घाण कालपर्यंत याच पाण्यात विरघळलेली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, फिल्टरच्या कापसात अडकत नव्हती.

ती बाहेर काढणारं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. घरात खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक लावायचा तर मोठ्या खर्चाच्या यादीत हे यंत्र वरच असतं. आणि ते घेताना माणसं हमखास चुकतात. मीही चुकलो. म्हणून हा व्हिडिओ.

(दृश्य: गॅसवर पातेलं. तूरडाळीला पहिली उकळी येतेय.)

कुकरऐवजी पातेल्यात डाळ शिजवली, की पहिल्या उकळीला वर पांढुरका फेस जमतो. आई तो पळीनं काढून टाकायची. डाळीतली प्रथिनं पाण्यात उतरलेली असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरून राहतो, दुसऱ्याला पाणी नको असतं. बुडबुडा भेटला की हा दुसरा भाग हवेकडे तोंड करतो आणि रेणू बुडबुड्याच्या अंगाला चिकटतो. बुडबुडा वर गेला की प्रथिनंही त्याच्याबरोबर वर जातात.

समुद्र हेच काम रोज करतो. आषाढात कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर उभं राहा. लाटा फुटून गेल्या की वाळूवर पिवळसर फेसाचे गोळे वाऱ्यानं घरंगळताना दिसतात. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे कुजलेले अंश त्या फेसात असतात. स्किमरमध्ये आपण ही लाट एका नळकांड्यात कोंडतो, एवढंच.

(दृश्य: स्किमरचा पंप खोललेला. तळहातावर काटेरी चाक.)

हे चाक बघा. पंपाच्या साध्या पंख्याच्या जागी असे बारीक काटे असतात. पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि हे काटे त्या हवेचा चुरा करतात. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरते तसंच, फक्त मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे. अर्ध्या ते एक मिलिमीटरचे बुडबुडे तयार होतात आणि नळकांड्यातलं पाणी दुधासारखं पांढरं दिसायला लागतं. खाऱ्या पाण्यात हे बारीक बुडबुडे सहज एकमेकांत मिसळत नाहीत. गोड्या पाण्यात ते जुळून मोठे होतात आणि भसकन वर येऊन फुटतात. म्हणून गोल्डफिशच्या टँकला हे यंत्र लावून उपयोग नाही.

पण फिल्टर असताना हे कशाला? तर फिल्टर घाण बाहेर काढत नाही, तिचं रूप बदलतो. उरलेलं खाणं, माशांची विष्ठा हे सगळं कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट टँकमध्येच साठत जातं, बरोबर फॉस्फेटही. माशांना ते बरंच सोसतं. प्रवाळांना नाही. प्रवाळांची बेटं वाढतात ती मुळात पोषकद्रव्यं फार कमी असलेल्या पाण्यात. ही द्रव्यं वाढली की आधी काचेवर, मग दगडावर शेवाळ चढतं आणि प्रवाळांचे रंग मातकट होतात. स्किमर कुजायच्या आधीच माल उचलतो. वर पाण्यात हवाही घोळून देतो, आणि आपल्या उकाड्यात ते काम मोठं आहे, कारण कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात प्रवाळ आहेत. पहिल्यांदा मी ते तिथेच पाहिले, तोंडाला नळी लावून. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, तिथेही आहेत. २००१ पासून बेटं बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रातून उचलून आणलेला तुकडा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. दुकानातून घेताना कागद मागा. दुकानदार ते दाखवायला का-कू करत असेल तर तिथून निघा. हे मी मनापासून सांगतोय.

(दृश्य: जुन्या पद्धतीचा स्किमर. लाकडी एअरस्टोनमधून उठणारे बुडबुडे.)

घरच्या टँकमध्ये कडक प्रवाळ जगवायची वाट दाखवली ती जर्मनीतल्या हौशी लोकांनी. १९८० च्या दशकात 'बर्लिन पद्धत' नावारूपाला आली: जिवंत दगड (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्री दगड), भरपूर उजेड आणि दणकट स्किमर. बर्लिनच्या डीट्रिश ष्ट्यूबर यांच्या टँकमधल्या एका फांदीदार प्रवाळाचे, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचे तुकडे तर हातोहाती किती घरांत गेले, त्याला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. तेव्हाचे स्किमर लाकडी एअरस्टोनवर चालत. लाकूड काही आठवड्यांत चोंदायचं, बदलावं लागायचं. काटेरी चाकाच्या पंपानं ती कटकट संपवली.

आता खरेदीकडे येऊ.

(दृश्य: खोक्यावर छापलेला आकडा. कॅमेरा त्यावर थांबतो.)

'१००० लिटरपर्यंत.' माझ्या पहिल्या स्किमरच्या खोक्यावर हे लिहिलं होतं. माझा टँक चार फुटी. लांबी १२० सेंटीमीटर, रुंदी ४५, उंची ५०. गुणाकार केला तर २७० लिटर. दगड-वाळूची जागा वजा केली आणि खालच्या संपमधलं, म्हणजे कॅबिनेटमधल्या जोडटाकीतलं, पाणी मिळवलं, तरी हिशेब तिथेच येतो. दुकानात म्हणाले, "मोठाच घ्या साहेब, स्किमर मोठा असला की टेन्शन नाही." मला ते पटलं. घेतला.

टँकमध्ये तेव्हा दोन क्लाउनफिश आणि एक गोबी, बस. तीन आठवडे कप कोरडा. फेस मानेच्या अर्ध्यापर्यंत चढायचा, तिथे फुटायचा आणि परत खाली. मी झडप फिरवली, पाण्याची पातळी वाढवली, रात्री बारा वाजता टॉर्च लावून बसलो. कपात आलं ते नुसतं खारं पाणी.

कारण साधं होतं. फेस उभा राहतो तो त्याच्या अंगाला चिकटलेल्या घाणीच्या जोरावर. तेवढी घाणच नसेल तर रुंद मानेत फेस टिकत नाही. तीन लहान माशांच्या जेवणावर एवढ्या रुंद मानेचा स्किमर भरणार कसा? पुढे मी तो विकला आणि अरुंद मानेचा, पुष्कळ लहान घेतला. चौथ्या दिवशी कपात चहाच्या रंगाचं पाणी होतं.

म्हणून खोक्यावरचा लिटरचा आकडा बाजूला ठेवा. तुम्ही दिवसाला खाणं किती टाकता, यावर स्किमर निवडायचा. मासे किती, केवढे, पुढच्या वर्षभरात आणखी किती येणार? टँग, एंजल असे दांडगे खाणारे आहेत, की चार लहान मासे आणि बाकी प्रवाळच? तेच २७० लिटर पाणी एका घरी हलकं असतं आणि दुसऱ्या घरी जड. चांगल्या कंपन्या हलक्या आणि जड भारासाठी वेगळे आकडे देतात. एकच आकडा दिला असेल तर तो बहुधा हलक्या भाराचा समजा. मासे भरपूर असतील तर त्याच्या निम्म्यावर या.

दुसरा आकडा शोधा तो हवेचा: तासाला किती लिटर हवा ओढतो. पाण्याचा वेग सगळे छापतात, हवेचा आकडा बारीक अक्षरात असतो. पण काम हवाच करते. सारख्या हवेचे दोन स्किमर समोर असतील तर कमी वॅटचा घ्या. हा पंप चोवीस तास, बाराही महिने चालणार आहे आणि त्याची उष्णताही पाण्यातच उतरणार आहे.

किमतीबद्दल एक. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास निरनिराळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतो, आणि एका मॉडेलात आणि दुसऱ्यात फरक फारसा नाही, असं त्यांना दिसलं. हे वाचून मला हायसं वाटलं. उरलेलं काम जिवाणू, फिल्टरमधला कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन) आणि पाणी बदलणं यांचं. तेव्हा दुप्पट पैसे टाकायचेच असतील तर शांत पंपासाठी, मिळणाऱ्या सुट्या भागांसाठी टाका. काटेरी चाक आणि रबरी रिंग भारतात मिळते का, हे घेण्याआधी विचारा. चाक मोडलं आणि सुटा भाग परदेशातून यायला दीड महिना लागला, तर तोवर काय करणार?

(दृश्य: बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला स्किमर. प्लगच्या दोन चपट्या पट्ट्या.)

आपल्याकडे एक गोष्ट सर्रास होते. भाऊ नाही तर मेहुणी अमेरिकेत असते. तिकडे स्वस्त मिळतो म्हणून बॅगेतून येतो. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावला तर पंप जळतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ नाही. साधा एसी पंप विजेच्या ठेक्यावरच फिरतो: तिकडे मिनिटाला ३६०० फेरे, इकडे ३०००. चाक हळू फिरलं की हवा कमी ओढली जाते, आणि हवा कमी म्हणजे फेस कमी. माझ्या मावसभावानं फार प्रेमानं आणलेला स्किमर असाच माळ्यावर आहे. अ‍ॅडॅप्टरवर चालणारा डीसी पंप असेल आणि अ‍ॅडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल, तर मात्र खुशाल मागवा.

(दृश्य: मोजपट्टी घेऊन कॅबिनेटमध्ये वाकलेली व्यक्ती.)

मोजपट्टी दुकानात जाण्याआधी काढा. स्किमरची उंची कॅबिनेटमध्ये मावते एवढं बघून भागत नाही. कप वर उचलून काढायलाही जागा लागते, हाताची मूठ धरून दहा सेंटीमीटर तरी. कप काढणं अवघड झालं की तो धुणं लांबतं. मानेत थर साचला की फेस तिथेच फुटतो, आणि चालू असलेलं यंत्र नुसतं आवाज करत राहतं. मी दर तिसऱ्या दिवशी मान पुसतो. दोन मिनिटं लागतात.

संपमधली पाण्याची पातळीही बघा. प्रत्येक मॉडेलला ठरावीक खोली लागते, बहुतेकांना १५ ते २३ सेंटीमीटर. ती रोज तेवढीच राहायला हवी. मुंबई-ठाण्यात पंखा लावला की पाणी भराभर उडतं, संपची पातळी उतरते आणि स्किमरचं गणित बिघडतं. स्किमरच्या कप्प्यात आडभिंत घालून पातळी बांधून घ्या, आणि उडालेलं पाणी आपोआप भरणारा फ्लोट लावा, तोही आरओच्या गोड्या पाण्यावर. लाइट गेली की वरचं पाणी खाली येतं, संप चढतो. लाइट आली की स्किमर त्या चढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि कप भरून वाहतो. एका पावसाळ्यात आमच्या हॉलच्या लाकडी पट्ट्या अशाच फुगल्या. आता पंपाला टायमर आहे: लाइट आल्यावर दहा मिनिटांनी स्किमर चालू होतो.

आणखी एक, एसीवाल्या घरांसाठी. खिडक्या बंद, घरात चार माणसं, श्वासांचा कार्बन डायऑक्साइड खोलीतच फिरत राहतो. स्किमर तीच हवा पाण्यात घुसळतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. हवेची नळी लांब घेऊन तिचं टोक खिडकीबाहेर सोडा. माझा सकाळचा पीएच एवढ्यानंच सुधारला.

पन्नास-साठ लिटरचा छोटा टँक असेल आणि दर रविवारी पाणी बदलायची शिस्त असेल, तर स्किमर घेऊच नका. पैसे चांगल्या मिठावर आणि दिव्यावर घाला.

(दृश्य: नवा स्किमर. नळकांड्यात दुधाळ पाणी. बाजूला कॅलेंडर.)

नवा स्किमर पहिले काही दिवस वेडावाकडा वागतो. कधी कप कोरडा, कधी तासाभरात भरून वाहतो. कारखान्यातला तेलकटपणा अजून अंगावर असतो, आतल्या भिंतींना जिवाणूंचा पातळ थर बसायचा असतो. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून, धुऊन मग लावला तर लवकर बसतो. तरी आठ-पंधरा दिवस द्या. तेवढ्यात झडप दिवसातून एकदाच, तीही तांदळाच्या दाण्याएवढी फिरवा. टँकमध्ये तेलकट हात गेला की फेस काही तास बसतो, औषध टाकलं की उसळतो. दोन्ही वेळा नुसतं थांबा.

(दृश्य: पहिल्या प्रसंगातला हॉल. कप धुऊन परत बसवला जातो. पाऊण चक्कर, खट्.)

कप बसला. फेस खालून चढतोय. आधी मोठे, पारदर्शक बुडबुडे, त्यामागून बारीक, घट्ट. मानेच्या टोकाशी आले की जरा थबकतात, एकमेकांवर रेलतात. पहिला तपकिरी थेंब आता कडेवरून घरंगळेल.

(थेंब कपाच्या तळाशी पडतो. वर गोबी वाळूतून तोंड बाहेर काढते.)