एक वर्ष थांबला असता तर

नमस्कार श्रोतेहो. आज एका सहीची गोष्ट. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली.

आधी थोडा हिशेब. संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करावा, याला तिथे मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. 2024-25 च्या हंगामात ती सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती. आपलाच खेळाडू राखायचा असेल तर ती ओलांडता येते, पण तिच्याही वर खर्चाच्या आणखी दोन रेषा असतात, त्या पार केल्या की संघाचे हात बांधले जातात. करार संपण्याआधीच वाढवायचा असेल, तर नव्या कराराचा पहिला पगार जुन्या पगाराच्या 140 टक्क्यांपर्यंतच. लक्षात ठेवा, 140 टक्के.

आता माझी आवडती गोष्ट. जेलन ब्रन्सन. उंची 6 फूट 2 इंच, म्हणजे त्या खेळात बुटकाच. 2018 साली नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, डॅलसच्या संघाने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं, 33 वा. आणि हा डावखुरा बरं का! डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराला अजूनही घरोघरी दटावतात, ते मला मुळीच पटत नाही. मुलांना त्यांच्या हाताने जेवू द्या, खेळू द्या. असो.

त्या वेळच्या नियमात डॅलसला त्याच्यापुढे चार वर्षांचे सुमारे साडेपाच कोटी डॉलर ठेवता आले असते. वेळेत ठेवले नाहीत. मग 2022 चे प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने आले, संघाचा हुकमी एक्का डॉन्चिच जखमी झाला आणि या पोराने युटाविरुद्ध एका रात्रीत 41 गुण केले. एकेचाळीस! उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने त्याला चार वर्षांचे 10 कोटी 40 लाख देऊन नेलं. डॅलसच्या हाती काहीच उरलं नाही.

पुढे जुलै 2024. ब्रन्सन आता न्यूयॉर्कचा लाडका. एक वर्ष कळ काढली असती, तर पाच वर्षांचे जवळजवळ 26 कोटी 90 लाख डॉलर मिळू शकत होते. त्याने तेव्हाच सही केली. चार वर्षं, 15 कोटी 65 लाख. पहिल्या वर्षाचा पगार साधारण 2 कोटी 50 लाखांवरून 3 कोटी 49 लाखांवर. तेच आपले 140 टक्के! पुन्हा सांगतो, एक वर्ष थांबला असता तर 11 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जादा मिळाली असती. नाही थांबला.

त्याने संघाला श्वास घ्यायला जागा दिली. कॉलेजातला जुना सोबती मिकल ब्रिजेस त्याच उन्हाळ्यात आला, ऑक्टोबरात कार्ल-अँथनी टाउन्स आला, आणि 2025 मध्ये निक्स ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्व गटाच्या, अंतिम फेरीत पोहोचले, 2000 नंतर पहिल्यांदा. एवढ्या पैशावर पाणी सोडणारा माणूस मला तरी थोर वाटतो. त्याला भोळा म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

कारण हिशेब त्यानेही केला होता. शेवटचं वर्ष खेळायचं की नाही, हे या करारात त्याच्याच हाती आहे. 2028 च्या उन्हाळ्यात तो मोकळा होऊ शकतो. तेव्हा त्याची लीगमधली दहा वर्षं भरलेली असतील, आणि दहा वर्षं भरलेल्याला कॅपच्या 30 नव्हे, 35 टक्क्यांपर्यंत पगार मागता येतो. तेव्हा तो फक्त 31 वर्षांचा असेल.