कोलेस्टेरॉल दिसलं की कडं जुळतं

(दृश्य: पेट्री डिश, मागून उजेड)

हे ब्लड अगर. रक्त मिसळलेला जेलीसारखा थर. काल यावर स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, घशाच्या संसर्गाचा जिवाणू, पेरला आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवला. टाचणीच्या टोकाएवढे हे पांढुरके ठिपके म्हणजे त्याच्या वसाहती. भोवतीचा लाल रंग उडालाय. डिशच्या पलीकडचं बोट दिसतंय.

आता ही चीर पाहा. पेरताना तारेचं टोक मुद्दाम थरात खुपसलं होतं. इथे हवा कमी पोचते, आणि आपण ज्याच्या मागावर आहोत ते, तांबड्या पेशी फोडणारं त्याचं विष ऑक्सिजनपुढे निकामी होतं. त्याचं नावच स्ट्रेप्टोलायसिन ओ. हा ‘ओ’ ऑक्सिजनचा. वर पृष्ठभागावर जे दिसतं, ते बरंचसं त्याच्या जोडीदाराचं, स्ट्रेप्टोलायसिन एसचं काम. त्याची गोष्ट वेगळी.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी)

मधली पेशी बघत राहा. फुगली. गोल झाली. आणि रंग गेला.

जे उरलं त्या रिकाम्या कवचाला प्रयोगशाळेत ‘घोस्ट’ म्हणतात.

(दृश्य: दोन परीक्षानळ्या)

दोन्हींत तेवढंच रक्त, तेवढंच विष. डावी नळी लाल आणि नितळ: पेशी फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन बाहेर आलं. उजवीत पेशी शाबूत, तळाशी बसलेल्या. फरक एवढाच, की उजव्या नळीतलं विष आधी कोलेस्टेरॉलमध्ये मिसळून घेतलं होतं. पेशीपर्यंत पोचण्याआधीच त्याचे हात भरले.

रिपोर्टातल्या आकड्यापायी बदनाम झालेला हाच तो रेणू. तांबड्या पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीच्या जवळजवळ प्रत्येक रेणूमागे एक कोलेस्टेरॉल असतो. पटल फार सैल पडू नये आणि फार ताठही होऊ नये, हे तो सांभाळतो. त्याच्याशिवाय आपली पेशी उभी राहत नाही. स्ट्रेप्टोकॉकसच्या स्वतःच्या पटलात मात्र तो नाही. म्हणून विष सोडणाऱ्याला त्या विषाची बाधा नाही.

(दृश्य: ॲनिमेशन)

विषाचा एक रेणू. लांबट, चार भागांचा, साधारण ५०० अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांचा. पटलाला टेकतं ते खालचं टोक. त्या टोकाशी अकरा अमिनो आम्लांचा एक पट्टा आहे, आणि कोलेस्टेरॉलला तोच ओळखतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१० मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉडनी ट्वीटन यांच्या गटानं दाखवलं, की ओळख पटते ती शेजारच्या वळणावरच्या दोनच अमिनो आम्लांमुळे: थ्रिओनिन आणि ल्युसिन. एवढ्या मोठ्या प्रथिनात दोन!

टेकलेले रेणू पटलावर सरकतात, एकमेकांना भिडतात. तीस, चाळीस, कधी त्याहून जास्त. कडं पुरं होतं, पण भोक अजून पडलेलं नाही. कडं पटलावर नुसतं उभं आहे, सुमारे ११ नॅनोमीटर उंच.

आणि मग ते खाली बसतं. उंची ७ नॅनोमीटरवर येते. प्रत्येक रेणूतले दोन वळसे उलगडून पटलात घुसतात, शेजारच्यांशी जुळतात आणि पिंपाच्या फळ्यांसारखी भिंत तयार होते. आत २५ ते ३० नॅनोमीटरचं भोक. अख्खं प्रथिन निघून जाईल एवढं.

(दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं छायाचित्र)

हे ॲनिमेशन नाही. ही खरी कडी. काही अर्धवट, कंसासारखी राहिलीत. तीही भोक पाडू शकतात.

(दृश्य: आलेख)

आडव्या अक्षावर कृत्रिम पटलातलं कोलेस्टेरॉल, उभ्यावर चिकटलेलं विष. ३० टक्क्यांच्या आसपासपर्यंत रेघ जमिनीलाच, मग एकदम वर. कारण बरंचसं कोलेस्टेरॉल शेजारच्या चरबीआड झाकलेलं असतं, विशेषतः स्फिंगोमायलिनच्या. विषाला सापडतं ते उघडं राहिलेलंच. शरीरालाही हे ठाऊक असावं. इंटरफेरॉनचा, म्हणजे संसर्गाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा, इशारा मिळाला की मॅक्रोफेज या संरक्षक पेशी कोलेस्टेरॉलपासून २५-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल तयार करतात. त्यानं आसपासच्या पेशी पटलावरचं उघडं कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात. साठा तोच, जागा बदलली.

न्यूमोकॉकस, लिस्टेरिया, गॅस गँगरीनचा क्लॉस्ट्रिडियम: या तिन्ही जिवाणूंकडेही याच घराण्यातलं विष आहे. घशाच्या संसर्गानंतर सांधे धरले की डॉक्टर सांगतात ती एएसओ तपासणी स्ट्रेप्टोलायसिन ओविरुद्धच्या प्रतिपिंडांचीच.

(दृश्य: चमकणाऱ्या रंगद्रव्यातली पेशी)

ही पेशी तांबडी नाही. हिला केंद्रक आहे आणि डागडुजीची सोय आहे. आत लख्ख झालं ते कॅल्शियम, भोकातून शिरलेलं. त्याच इशाऱ्यावर पटलाचा तेवढा तुकडा फुगतो.

सुटला. कडं त्याच्यासोबत गेलं.