प्रेप सुरू करण्याआधी

मित्रहो, एचआयव्हीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच माणसे येतात: संसर्ग झालेला आणि न झालेला. आज मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांना संसर्ग झालेला नाही. पण तो होण्याची वाट त्यांच्या आयुष्यात उघडी आहे, आणि हे त्यांना स्वतःला कळते. अशा माणसाला संसर्ग होण्याआधीच औषध घेऊन स्वतःचा बचाव करता येतो. या उपायाला प्रेप म्हणतात. ‘संपर्कपूर्व प्रतिबंधक औषध’ असा मराठी शब्द करता येईल, परंतु दवाखान्यात आणि समुपदेशनाच्या खोलीत सगळे प्रेपच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची आहे. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरला की एका विकराच्या साहाय्याने स्वतःच्या जनुकीय मजकुराची नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या डीएनएमध्ये कायमची गुंफतो. ही औषधे त्या पेशीत आधीच पुरेशा प्रमाणात हजर असतील, तर नक्कल पुरी होत नाही आणि विषाणूला मुक्काम करता येत नाही. प्रेप ही लस नव्हे. लस शरीराला शत्रू ओळखायला शिकवते आणि ती ओळख पुढे टिकते. प्रेपचे संरक्षण मात्र औषध शरीरात असेल तोवरच असते.

ही गोष्ट किती निर्णायक आहे, हे संशोधनाने फार स्पष्टपणे दाखवले आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स या चाचणीत सहा देशांतील २,४९९ पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया सहभागी होत्या. ज्यांना औषधाची गोळी दिली होती त्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी झाला. आकडा ऐकायला मध्यम वाटतो. पण ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले, त्यांच्यातील घट ९० टक्क्यांहून अधिक होती. याउलट आफ्रिकेतील स्त्रियांमध्ये झालेल्या फेम-प्रेप आणि व्हॉइस या दोन मोठ्या चाचण्यांत गोळीचा फायदा दिसलाच नाही, कारण बहुतेक नमुन्यांत औषधाचा अंशही नव्हता. त्या स्त्रियांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे आणि मला ते अन्यायाचे वाटते. त्यांच्याशी नंतर झालेल्या संवादांतून पुढे आले, की घरात डबी दिसली तर लोक आपल्याला रुग्ण समजतील ही भीती अनेकींना होती, आणि काहींना आपल्याला धोका आहे हेच पटलेले नव्हते. तेव्हा रोज गोळी घेणाऱ्याचा लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो, हे मी सांगते तेव्हा त्यातल्या ‘रोज’ या शब्दावर भर द्यावा.

आता निर्णयाकडे वळू. समुपदेशनात एक वाक्य वारंवार कानी येते: ‘मी काही तशातला नाही.’ या वाक्यामुळे किती माणसे योग्य औषधापासून दूर राहिली असतील, याची मला खंत वाटते. प्रेपचा विचार करताना आपण कोणत्या प्रकारचे माणूस आहोत हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि येत्या काही महिन्यांचा विचार करावा. या काळात ज्यांच्याशी माझे संबंध येतील त्यांची एचआयव्ही स्थिती मला माहीत आहे का? कंडोम प्रत्येक वेळी वापरला जातो, की बहुतेक वेळा? तो वापरायचा की नाही हे मी ठरवू शकते, की ते दुसऱ्याच्या हातात आहे? गेल्या सहा महिन्यांत सिफिलिस किंवा गनोरियासारखा लैंगिक आजार झाला होता का? नशेसाठी इंजेक्शन घेताना सुई दुसऱ्याबरोबर वापरली जाते का? यांपैकी एका प्रश्नाच्या उत्तरापाशीही मन अडखळले, तरी डॉक्टरांशी बोलायला तेवढे कारण पुरेसे आहे.

यातल्या तिसऱ्या प्रश्नावर मला थोडे थांबायचे आहे. कंडोम हे उत्तम साधन आहे. तो इतर लैंगिक आजार आणि नको असलेली गर्भधारणाही टाळतो, जे प्रेप करू शकत नाही. परंतु त्यासाठी समोरच्याची संमती लागते. ज्या स्त्रीला पतीच्या बाहेरच्या संबंधांचा संशय आहे आणि कंडोमचा विषय काढताच जिच्यावर उलट आळ घेतला जातो, तिला ‘कंडोम वापरा’ हा सल्ला देऊन आपण काहीच दिलेले नसते. प्रेप मात्र ती कोणाची परवानगी न मागता, स्वतःच्या शरीरासाठी घेऊ शकते. गर्भवती असताना किंवा अंगावर पाजत असतानाही ही गोळी घेता येते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या कामात ती अडथळा आणत नाही.

जोडीदार एचआयव्हीबाधित असेल तर प्रेप हवेच, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. जोडीदार नियमित उपचार घेत असेल आणि त्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, तपासणीत सापडण्याच्या पातळीखाली टिकून असेल, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासांत अशा जोडप्यांमध्ये, कंडोमविना संबंध येऊनही, जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. मात्र उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर विषाणू दबेपर्यंतच्या पहिल्या काही महिन्यांत दुसऱ्याने प्रेप घेणे शहाणपणाचे असते.

प्रेप मिळवण्यासाठी बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पण ते डॉक्टर एचआयव्हीचेच तज्ज्ञ असावे लागत नाहीत. एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्र, लैंगिक आजारांचा दवाखाना, कुटुंबनियोजन केंद्र किंवा या क्षेत्रात काम करणारी सामाजिक संस्था, यांपैकी जे जवळचे आणि विश्वासाचे वाटेल तिथून सुरुवात करावी. कसे बोलावे हे सुचत नसेल तर एवढेच म्हणावे: ‘मला एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून प्रेप सुरू करायचे आहे, त्याआधी कोणत्या चाचण्या कराव्या लागतील?’ आपल्या आयुष्याचा कबुलीजबाब द्यायची गरज नाही. डॉक्टरांनी नकार दिला तर कारण विचारावे, आणि कारण वैद्यकीय नसेल तर दुसरे दार ठोठवावे.

मात्र चाचणीवाचून गोळी सुरू करू नये, मग ती मित्राने दिलेली असो की कुठून मागवलेली. संसर्ग आधीच झालेला असेल तर ही दोन औषधे उपचार म्हणून अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होण्याची शक्यता असते. मग पुढच्या उपचारांतील पर्याय कमी होतात. म्हणून पहिली चाचणी एचआयव्हीची. अगदी ताज्या संसर्गात ती निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत धोक्याचा प्रसंग घडला असेल आणि ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असे काही असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुसरी तपासणी हिपॅटायटिस बीची, कारण टेनोफोविर त्या विषाणूलाही दाबून ठेवते आणि गोळी अचानक थांबवल्यास यकृताचा आजार उफाळू शकतो. तिसरी मूत्रपिंडाच्या कार्याची, विशेषतः वय जास्त असेल किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब असेल तर.

धोक्याचा प्रसंग गेल्या ७२ तासांत घडला असेल तर प्रेपची चौकशी करत बसू नये. तेव्हा पेप लागते: संपर्कानंतर घ्यायची, २८ दिवसांची औषधे. तास जातील तसा त्यांचा उपयोग घटतो, म्हणून त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पेप संपल्यावर चाचणी निगेटिव्ह आली तर खंड न पडता प्रेपवर जाता येते.

सुरुवातीच्या दिवसांत काहींना मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे असा त्रास होतो आणि तो बहुधा काही आठवड्यांत जातो. संरक्षण पहिल्या गोळीपासून मिळत नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साधारणपणे सात दिवस रोज गोळी घेतल्यानंतर त्यावर विसंबावे. स्त्रीसंप्रेरके न घेणाऱ्या पुरुषांसाठी संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, मग पुढचे दोन दिवस एकेक, अशीही पद्धत आहे. ती स्त्रियांना लागू नाही, आणि हिपॅटायटिस बी असणाऱ्यांनीही ती वापरू नये. पहिल्या महिन्याने आणि मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी करावी.

रोजची गोळी ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी दोन महिन्यांनी घ्यायचे कॅबोटेग्राविरचे इंजेक्शन आहे, आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविरची शिफारस केली. २०२४ साली निष्कर्ष आलेल्या एका चाचणीत लेनाकापाविर घेणाऱ्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. डबी लपवावी लागणाऱ्या स्त्रीसाठी या आकड्याचे मोल फार मोठे आहे. ही इंजेक्शने अजून सर्वत्र मिळत नाहीत; म्हणून आपल्याकडे काय उपलब्ध आहे हे पहिल्याच भेटीत विचारावे, आणि इंजेक्शनच्या प्रतीक्षेत गोळी लांबणीवर टाकू नये.

‘हे औषध जन्मभर घ्यायचे का?’ असे पुष्कळजण विचारतात. नाही. नाते बदलते, परिस्थिती बदलते, धोका संपतो, आणि मग थांबता येते. थांबताना शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर आणखी सात दिवस गोळी घ्यावी. दोन गोळ्यांनी सुरुवात करण्याची पद्धत ज्यांना लागू आहे त्या पुरुषांना दोन दिवस पुरतात. हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबू नये. इंजेक्शन थांबवल्यास औषध थोड्या प्रमाणात कित्येक महिने शरीरात रेंगाळते, त्यामुळे धोका चालू असेल तर त्या काळात गोळीवर यावे. पुढे कधी पुन्हा गरज वाटली, तर घरात उरलेल्या डबीतून गोळी काढण्याआधी एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी.